कॅनॉलच्या कडेकडेने

इन्स्टावर चुकून एक सायकलचं रील लाइक केलं की पुढचे चार दिवस फीडमध्ये तेच येत राहतं, हे तुम्हालाही माहीत असेल. कच्चा रस्ता, मागे उडणारी धूळ, लाखाच्या पुढची सायकल आणि लांबवर परदेशातल्या टेकड्या. खाली हॅशटॅग असतो, ग्रॅव्हल. म्हणजे गुळगुळीत डांबरी रस्ता नाही आणि डोंगरातली अवघड पायवाटही नाही. दोन्हींच्या मधला खडीचा, मातीचा रस्ता आणि त्यावर थोड्या रुंद टायरची सायकल. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाजवळ २००६ मध्ये अशी दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

हे सगळं बघून आपण उसासा टाकतो आणि कॉलेजला जायला स्कूटर काढतो. पण एक सांगू? ग्रॅव्हलला आपल्याकडे जुना, साधा शब्द आहे. मुरूम. आणि पुण्याबाहेर मुरमाचा एक असा रस्ता आहे, जो तुमच्या जुन्या सायकलवरही होतो. चढ नाहीत, ट्रक नाहीत, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला पाणी. तो आम्हाला कसा सापडला आणि त्यावर आम्हाला काय दिसलं, ते सांगते.

आधी दोनदा फसलो

मी आणि माझी एक मैत्रीण. तिच्याकडे भावाची जुनी एमटीबी, माझ्याकडे अकरावीत घेतलेली हायब्रीड. डिसेंबरात ठरवलं की दर रविवारी पुण्याबाहेर एक कच्चा रस्ता शोधायचा. रात्री मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा उघडून तांबूस रेघा शोधायच्या आणि सकाळी तिकडे जायचं. ऐकायला एकदम भारी.

पहिल्या रविवारी दिवे घाटाच्या अलीकडे एक छान रुंद मुरमाचा रस्ता मिळाला. दीड किलोमीटरवर लोखंडी गेट, कुंपण आणि 'एनए प्लॉट विक्रीस उपलब्ध' असा फलक. दुसऱ्या रविवारी दुसऱ्या टेकडीकडे गेलो, तिथेही तेच. तेव्हा एक नियम कळला. पुण्याभोवती नवाकोरा मुरमाचा रस्ता दिसला की समजायचं, पुढे प्लॉटिंग आहे. असे रस्ते कुठेच जात नाहीत.

मग नकाशात आम्ही नवे रस्ते सोडून जुने शोधायला लागलो. सोलापूर रस्त्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याने एक निळसर रेघ दिसली. सरळ नव्हती, टेकडीच्या प्रत्येक घडीत आत शिरून परत बाहेर येणारी. आणि तिला चिकटून एक बारीक, फिकट रेघ. निळसर रेघ होती मुठा उजवा कालवा. फिकट रेघ म्हणजे त्याच्या भरावावरचा रस्ता.

पाण्याने आखलेला रस्ता

इथे थोडं भूगोलाचं पुस्तक उघडू या, कारण हा रस्ता सोपा का आहे याचं उत्तर त्यात आहे. कालव्यातलं पाणी पंपाने ढकललेलं नसतं, ते आपल्या वजनाने वाहतं. त्यामुळे कालवा आखताना किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटिमीटरांचा उतार ठेवतात. टेकडी आली तर तिच्यावर चढायचं नाही, एकाच उंचीवरून तिला वळसा घालायचा. ओढा आला तर त्याला खालून वाट द्यायची नाहीतर त्याच्यावरून पूल बांधून पाणी न्यायचं. आता या पाण्याच्या शेजारून जो रस्ता जाईल, त्याला तरी चढ कुठून येणार? सायकलवाल्यासाठी याहून चांगली बातमी नाही. वळणं भरपूर आहेत, पण गिअर बदलायची वेळ क्वचित येते.

या पाण्याची गोष्टही मोठी आहे. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झालं. ब्रिटिश अमदानीत त्या तलावाला 'लेक फाइफ' म्हणत. तिथून निघालेल्या कालव्याचं पाणी घ्यायला सुरुवातीला शेतकरी फारसे तयार नव्हते. तेव्हा जोतिराव फुल्यांनी मांजरीला जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायती करून दाखवली. पुढे नवा कालवा झाला. तो पुणे शहरातून पर्वती, हडपसर, फुरसुंगी असा बाहेर पडून दौंड तालुका ओलांडतो आणि इंदापूरपर्यंत जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ भिंत फुटून वस्तीत पाणी शिरलं होतं, आठवतंय? तो कालवा हाच. म्हणजे तुमच्यापैकी कित्येक जण रोज त्याच्यावरचा एखादा पूल ओलांडून कॉलेजला जात असतील.

लोणी ते उरुळी

सुरुवात लोणी काळभोरला करा. शहरातला कालव्याकाठचा भाग सायकलला बरा नाही, कचरा आणि अतिक्रमणं दोन्ही आहेत. लोणीत रामदऱ्याकडे जाणारा रस्ता धरायचा. रामदरा म्हणजे तळ्याच्या मधोमध असलेलं शिवमंदिर, ते ठिकाण बऱ्याच जणांना माहीत आहे. वाटेत कालवा लागतो. तिथे डांबर सोडायचं आणि पाणी ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने, पूर्वेला निघायचं.

जानेवारीतल्या सकाळी सात वाजता तिथे बोटं गारठतात. उन्हाची पहिली तिरीप उसाच्या तुऱ्यांवर पडते आणि सगळं शेत पांढरं चमकायला लागतं. तारेवर कोतवाल आणि वेडे राघू, पाण्याच्या काठावर बगळे, मधूनच खंड्याची निळी झेप. टायरखाली मुरमाचा करकर आवाज. तो आवाज सतत असतो, इतका की तो थांबला की डांबर आलंय हे मान वर न करता कळतं. उजव्या हाताला डोंगराची रांग कायम सोबत. डावीकडे खाली सोलापूर रस्त्यावरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसतात, पण त्यांचा आवाज इथपर्यंत पोचत नाही.

लोणीहून उरुळी कांचन सोलापूर रस्त्याने तेरा-चौदा किलोमीटर. कालव्याने त्यापेक्षा जास्त होतं, कारण तो प्रत्येक टेकडीच्या पोटात शिरून येतो. सोरतापवाडीच्या आसपास रोपवाटिका लागतात, गुलाबाच्या काळ्या पिशव्यांच्या रांगाच रांगा. मध्ये काही पट्टे डांबरी झालेत, काही ठिकाणी बाभळी इतक्या आत आल्यात की मान खाली घालून जावं लागतं. एका ठिकाणी रस्ता पूर्ण खचला होता. आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या.

उरुळी कांचनला उतरून मिसळ खा. हे तेच गाव, जिथे १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. दम असेल तर पुढे यवतपर्यंत जा. तिथून भुलेश्वरचा डोंगर दिसतो. गुऱ्हाळं सुरू असतील तर गुळाचा वास लांबूनच येतो. पहिल्या वेळी आम्ही उरुळीहूनच मागे फिरलो आणि आल्या वाटेने परतलो. घरी येऊन फोटो टाकले, शंभर लाइक्स आले. हा लेख इथेच संपला असता.

पाणी आलं त्या दिवशी

पहिल्या फेरीत कालवा कोरडा होता. तळाशी थोडी डबकी आणि चिखलात शेळ्यांचे खूर. आम्हाला वाटलं, कालवा बंद पडला असेल. दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा कुंजीरवाडीच्या पुढे एका दरवाजाजवळ एक काका उभे होते. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला आकडा. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला.

"कुठं निघाला पोरींनो?"

"उरुळीपर्यंत, काका. सायकलिंगला."

"जा, पण पाण्याकडनं नका जाऊ, आतल्या अंगानं चालवा. आवर्तन सुटलंय. येईलच इतक्यात."

काका पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुठल्या चारीला, कधी, किती सोडायचं हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. आवर्तन म्हणजे काय ते त्यांनी पाच मिनिटांत समजावलं. कालव्याला पाणी बारा महिने नसतं. धरणात किती आहे ते बघून ठराविक दिवसांसाठी सोडतात. मग ते लांबच्या टोकापर्यंत पोचवायचं आणि तिथून मागे मागे येत एकेक चारी भिजवायची. मध्येच कुणी जास्त उपसलं की टोकाच्या माणसाचं पीक वाळतं.

मग ते आलं. तुम्ही कल्पना करता तसा लोंढा नव्हता. घोटाभर उंचीची एक करडी कड, माणूस भरभर चालतो त्या वेगाने कोरड्या तळावरून सरकत येत होती. आणि त्या कडेच्या पुढे, पाण्याने झाडूसारखा लोटत आणलेला ढीग. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेट्स, हारांचं निर्माल्य, एक चप्पल, कुणाचा तरी फुटका हेल्मेट. काका बांबूने तो ढीग दरवाजाच्या तोंडातून ओढून काठावर टाकत होते. तो अडकला तर पाणी खालच्या चारीला जात नाही.

मैत्रीण खाली वाकून बघत होती. एकदम म्हणाली, "अगं, हा आपल्या कॉलेजजवळच्या स्नॅक्स सेंटरचा बॉक्स आहे." खरंच होता. त्यावर नाव छापलेलं होतं. तो बॉक्स कुणी टाकला माहीत नाही. पण आम्ही दोघी रोज दुपारी तिथे खातो आणि मागच्या गल्लीत कालवा आहे.

काका काही बोलले नाहीत. आम्हीच सायकली आडव्या टाकल्या आणि अर्धा तास काठावरचा कचरा एका खताच्या रिकाम्या पोत्यात भरला. एवढं केल्याने कालवा स्वच्छ झाला असं सांगून स्वतःला मिरवायचं नाहीये. पोतं भरलं तेव्हा पाण्याने अजून तेवढंच आणलं होतं.

त्यानंतर आम्ही पाण्याच्या त्या कडेबरोबर सायकल चालवत गेलो. मुद्दाम हळू, ती मागे पडू नये म्हणून. पुढच्या पुलावर दोन शेतकरी नुसतेच वाकून बघत उभे होते. कड पुलाखालून गेली तसा एकाने मोबाइल काढला आणि कुणाला तरी कळवलं, "आलं रं, आलं. मोटर बघून ठेव."

एकाच धरणाचं पाणी

कालव्याच्या खालच्या अंगाला आणखी एक कालवा आहे. तो जुना. गावात त्याला 'बेबी कॅनॉल' म्हणतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून त्यात सोडलं जातं. म्हणजे नळाने आपल्याकडे येतं ते धरणाचं पाणी आणि आपण वापरून सोडतो त्याचा एक भाग इथे शेतीला. आम्ही एका पुलावरून तो ओलांडला तेव्हा नाकाला रुमाल लावला. शेजारच्या रानात बायका कांदा लावत होत्या, त्यांच्या नाकाला रुमाल नव्हता.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. या चार धरणांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी. त्यातूनच पुणे पितं आणि त्यातूनच दौंड-इंदापूरचं शेत भिजतं. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की शहराला किती, शेतीला किती, यावरून दर वर्षी वाद होतो. शहरातल्या उघड्या कालव्याऐवजी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढायची योजनाही आहे. तो झाला तर आपल्या गल्लीमागचा कालवा दिसणार नाही. फुरसुंगीच्या पुढे मात्र पाणी उघड्यावरच वाहील आणि हा मुरमाचा रस्ता त्याच्या शेजारी राहील.

तुम्ही पाहुणे आहात

हा लेख लिहावा की नाही, यावर आमच्या दोघींचं भांडण झालं. मैत्रीण म्हणाली, "लिहिलंस की पुढच्या रविवारी तिथे डीजे लागेल." तिचं चूक नाही. पावसाळ्यातल्या धबधब्यांचं काय होतं ते आपण बघतोच. तरी लिहिते आहे, कारण मला वाटतं की जे सायकलने येतील ते बहुतेक वेगळे असतील. तेवढा विश्वास ठेवा म्हटलं.

पण हे लक्षात घ्या की तो रस्ता आपल्यासाठी बांधलेला नाही. कालव्याची देखभाल करता यावी म्हणून तो आहे आणि शेतकरी त्यावरून ऊस, खत, दूध नेतात. समोरून ट्रॅक्टर आला तर तुम्ही उतरून बाजूला व्हा, त्याला थांबवू नका. पाटकऱ्याने किंवा शेतकऱ्याने मागे फिरा म्हटलं तर वाद न घालता फिरा. शेतातला ऊस विचारल्याशिवाय मोडू नका. विचारलात तर बहुतेक वेळा दोन जास्तच मिळतात.

आणि पाण्यात उतरू नका. हे काकूछाप सल्ल्यासारखं वाटेल, पण ऐका. वरून संथ दिसणारं ते पाणी आत जोरात ओढतं, बाजू उतरत्या आणि शेवाळलेल्या असतात, पकडायला काही नसतं. पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. कालव्यात बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात आणि त्यात आपल्याच वयाची मुलं असतात.

निघण्याआधी

सायकल कुठलीही चालेल, फक्त रेसिंगचे अगदी बारीक टायर नकोत. ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर उत्तम, एमटीबी तर आरामात. डांबरावर ठेवता त्यापेक्षा हवा थोडी कमी ठेवा म्हणजे हादरे कमी बसतात. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटून फुटेल.

खरा शत्रू वेड्या बाभळीचा काटा आहे. दोन जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप असल्याशिवाय निघू नका. पंक्चर काढायला घरी शिका, रस्त्यावर नाही. आम्ही रस्त्यावर शिकलो आणि चाळीस मिनिटं घालवली.

लोणीपर्यंत सोलापूर रस्त्याने सायकल चालवणं धोक्याचं आहे, अवजड वाहनं फार. चार-पाच जण असाल तर पैसे काढून 'छोटा हत्ती' ठरवा आणि सायकली त्यात टाका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, जाताना पाठीवर छान वाटतो आणि परतताना तोच छातीवर येतो. पावसात मुरमाचा चिखल होतो, तेव्हा नकोच. दोन लिटर पाणी बरोबर घ्या. कालव्याचं पाणी पिण्याचं नाही. वस्तीवरची कुत्री मागे लागली तर जोरात पळवू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा.

मुलींसाठी एक वेगळं. आम्ही दोघीच गेलो आणि आम्हाला त्रास झाला नाही, पण लाइव्ह लोकेशन घरी सुरू ठेवलं होतं आणि दुपारी बाराच्या आत परत यायचं ठरलेलं होतं. मध्ये नेटवर्क जातं. पहिल्यांदा जाताना चौघी तरी जा.

परवा ऑफिसात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची प्रेसनोट माझ्याकडे बातमी करायला आली. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यातही अशीच एक आली होती. तेव्हा 'आवर्तन' म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली होती आणि मी तो शब्द तसाच उतरवला होता. या वेळी मी फोन लावून विचारलं की पाणी शेवटच्या चारीला कोणत्या तारखेला पोचेल. समोरून तारीख मिळाली. ती बातमीत घातली आणि माझ्या कॅलेंडरमध्येही. त्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही पुन्हा निघतोय, या वेळी यवतच्या पुढे, आणि बरोबर चार रिकामी पोती घेऊन.